वीस मीटर, अनवाणी

पहिल्याच भेटीत त्यानं मला ‘काकू’ म्हटलं.

चूक सर्वस्वी त्याची नव्हती म्हणा. सोमवारची सकाळ, भुरभुर पाऊस, आणि माझ्या अंगावर दादाचा रेनकोट, जो खुद्द दादालाही मोठा होतो. टोपी पार भुवयांपर्यंत आलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फायली. चिखल चुकवत मी चाचणी केंद्राच्या फाटकातून आत शिरत होते. मागून एक बुटकी, लालचुटूक गाडी हळूच शेजारी आली. काच खाली झाली.

“अहो काकू, जरा ऐकता का? आवाजाची चाचणी करतात तो विभाग कुठे आला?”

मी थांबले. टोपी मागे सारली आणि नुसतं बघितलं.

तो आधी हसणार होता, ते हसू तिथंच राहिलं. “म्हणजे... ताई.”

“ताई?”

“मॅडम,” तो घाईघाईनं म्हणाला. कानाच्या पाळ्या त्याच्या गाडीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

“सरळ जा. पिवळ्या खांबाशी डावीकडे. तिथे खिडकीत एक काकू बसतात. फार कडक आहेत म्हणे. जपून.”

तो “थँक्यू” म्हणून गेला. दहा मिनिटांनी माझ्या खोलीचं दार वाजवून आत आला, तेव्हा मी खिडकीपाशी माझ्या खुर्चीत बसले होते. रेनकोट खुंटीवर टपटपत होता. त्यानं रेनकोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातातली फाईल छातीशी घट्ट धरली.

“बसा,” मी म्हटलं. “काकू चावत नाहीत.”

*

आमच्या केंद्राचं काम सांगायला सोपं आहे. बाहेरून येणारी कुठलीही नवी गाडी देशात विकायची तर आधी इथं पास व्हावी लागते. ब्रेक एका विभागात, धूर दुसऱ्यात, दिवे तिसऱ्यात. माझ्याकडे आवाज. मैदानात एक सरळ रस्ता आहे, त्यावर दोन रेघा, मध्ये वीस मीटर. गाडी पन्नासच्या वेगानं यायची, पहिल्या रेघेवर चालकानं पाय पुरता दाबायचा, दुसऱ्या रेघेवर सोडायचा. दोन्ही बाजूंचे मायक्रोफोन ऐकतात. चौऱ्याहत्तर डेसिबल ही मर्यादा. चौऱ्याहत्तर आले तर पास, पंच्याहत्तर आले तर घरी जा.

सहा वर्षांत माझा एकही अहवाल परत आला नव्हता. केंद्रात मला ‘काटा’ म्हणत. तोंडावर नाही म्हणत, पण मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. पुढच्या महिन्यात साहेब निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची मला मिळणार, असं सगळेच धरून चालले होते, मीसुद्धा.

तो आयात कंपनीचा इंजिनिअर. परदेशात बनलेल्या गाड्यांना इथली परवानगी मिळवून देणं, हे त्याचं काम. त्यानं दोन गाड्या आणल्या होत्या. रंग तोच, इंजिन तेच, चाकं तीच. एक ऑटोमॅटिक. दुसरीला पायाशी क्लच आणि हाताशी गिअरचा दांडा.

“जुळ्या बहिणी दिसतायत,” मी कागद चाळत म्हटलं. “मग दोघींची वेगळी परीक्षा कशाला, असं नाही म्हणणार तुम्ही? सगळे म्हणतात.”

“नाही. जुळ्या असल्या तरी आवाज निराळा असतो की.” मग जरा थांबून, “ऑटोमॅटिकची मला काळजी नाही. ही, तीन पेडलवाली... हिच्यासाठी मी वर्षभर वरिष्ठांच्या डोक्याशी कटकट केलीय. शेवटी म्हणाले, एक गाडी, एक महिना, एक संधी. शनिवारी हिचा तात्पुरता परवाना संपतो. पास झाली तर बैठकीत हिचं नाव निघेल. नाही तर बोटीत बसून परत. आणि पुन्हा क्लचवाली कुठलीच गाडी मागायला मला तोंड राहणार नाही.”

हे सगळं तो हसत सांगत होता. पण फाईल अजून छातीशीच होती.

*

आता माझी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं.

तो वीस मीटरचा तुकडा साधा डांबरी नाही. त्यात बारीक छिद्रं आहेत, मुद्दाम ठेवलेली. पाऊस पडला की पाणी त्यात जाऊन बसतं. वरून बघाल तर खडखडीत कोरडा, आणि आत ओल. ओल्या रस्त्यावर चाकं जास्त आवाज करतात, म्हणून चाचणी कोरड्यावरच घ्यायची. डोळ्यांना ती ओल दिसत नाही, बोटालाही नीट कळत नाही. तळपायाला बरोबर कळते. म्हणून प्रत्येक चाचणीआधी मी चपला काढते, पँट घोट्याच्या वर दुमडते आणि वीस मीटर अनवाणी चालून येते. नियमात असं लिहिलेलं नाही. नियमात इतकंच आहे की, ‘पृष्ठभाग कोरडा असल्याची खात्री करावी.’ माझी खात्री माझ्या पायांत असते.

सोमवारी दहाला ऊन पडलं. पहिली पाळी तीन पेडलवालीची. आमचे झेंडेकाका रस्ता झाडून उभे होते. तीस वर्षं लाल-हिरवा झेंडा धरून आता त्यांचं खरं आडनाव कुणालाच आठवत नाही. त्यांनी बोट टेकवलं. “वाळलाय गं पोरी.”

मी चपलेच्या पट्ट्याला हात घातला. आणि वर पाहिलं. तो चार पावलांवर उभा होता. छत्री काखेत, ओले केस कपाळावर, आणि माझ्याकडेच बघत होता... काही वाईट नाही, आपलं सहजच.

माझ्या डोळ्यांसमोर माझं चित्र उभं राहिलं. पँट नडगीपर्यंत वर, अनवाणी पाय, चिखल तुडवत निघालेली बाई. काकू! अगदी साक्षात काकू!

पट्टा तसाच राहिला. मी सरळ उभी राहिले, केस कानामागे सारले आणि कागदावर ‘पृष्ठभाग कोरडा’समोर बरोबरची खूण केली.

मैदानात बोलायला बंदी असते. पन्नास मीटरच्या आत कुणी खोकला तरी फेरी बाद. त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांनी. मी खिडकीतून तळहात दाखवला की तयार व्हा, मूठ दाखवली की परत करा, दोन बोटं दाखवली की संपलं. चालकानं समजलं म्हणून दिवा एकदा लुकलुकवायचा. हा गृहस्थ दोनदा लुकलुकवायचा. पहिल्यांदा वाटलं चुकून. दुसऱ्यांदा वाटलं सवय. तिसऱ्यांदा मी खाली मान घालून कागदावर उगाचच काहीतरी लिहिलं.

गाडी तो फार सुरेख चालवायचा. रेघेवर बरोबर पन्नास, एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या फेरीला बावन्न. मी मूठ दाखवली.

“सगळं नीट चाललं होतं,” नंतर खोलीत मी विचारलं, “मग चौथ्या फेरीत काय झालं?”

“खुलासा द्यायलाच हवा का?”

“तसा रकाना नाहीये.”

“मग राहू द्या,” असं म्हणून तो खिडकीबाहेर बघू लागला.

शेवटचा आकडा आला. पंच्याहत्तर.

मी तो मोठ्यानं वाचला. माझं कामच ते. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मान हलवली. इतरांसारखं ‘पुन्हा बघा ना’ नाही, ‘एक डेसिबलनं काय होतंय’ नाही. फक्त म्हणाला, “आकडा तो आकडा.” आणि त्याच क्षणी पत्र्यावर ताडताड पाऊस सुरू झाला.

नियम असा की नापास गाडी दुरुस्त करून पुन्हा नवा अर्ज करायचा. त्याला महिना लागतो, आणि त्याच्याकडे होता शनिवार. लगेच फेरचाचणी मिळते ती एकाच कारणानं, केंद्राची चूक झाली असेल तर. आणि केंद्राची चूक म्हणजे माझी चूक. ती तर कधी होत नव्हती!

*

ऑटोमॅटिकची चाचणी राहिली होती. रस्ता वाळेपर्यंत त्याला थांबणं भाग होतं. आणि पाऊस काही थांबेना. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तो सकाळी नऊला यायचा, डबा घेऊन, आणि माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीत बसायचा. पहिल्या दिवशी खुर्ची दारापाशी होती. दुसऱ्या दिवशी कपाटापाशी. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला तिचा हात लागला.

“एक विचारू?” मी म्हटलं. “लोक नेहमी ओरडत असतात... चांगल्या, वेगवान गाड्या सगळ्या बाहेर विकता आणि आमच्या नशिबी मिळमिळीत. असं का हो करता तुम्ही?”

“बघा, आता तुम्हीसुद्धा! आम्ही काय मुद्दाम लपवून ठेवतो होय?” तो खुर्चीत पुढे सरकला. “एका गाडीमागे किती परीक्षा, ते तुम्हीच बघता. बारा गाड्या विकायच्या असोत नाही तर बारा हजार, परीक्षा तेवढ्याच. इंजिन बदललं, परत पहिल्यापासून. गिअर बदलला, परत पहिल्यापासून. एखादीचं स्टिअरिंग इकडच्या बाजूला आणावं तर तिथं इंजिनाची नळी आडवी येते. एखादीला इथलं इंधन मानवत नाही. शिवाय तिचे सुटे भाग ठेवा, मिस्त्री शिकवा. एवढं केल्यावर घेणारे किती?”

“का? ओरडणारे घेतील की.”

“ओरडणारे!” तो हसत सुटला. “मॅडम, तो सगळा बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. आणा, आणा म्हणून चारशे जण कागद पाठवतात. आणली की म्हणतात, दहा वर्षांनी जुनी झाली की घेऊ.”

“आणि तुम्ही?”

तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला, “मीही जुनीच घेईन. नवी परवडत नाही.”

“म्हणजे खरा गुन्हेगार इथंच बसलाय!”

“पकडा,” त्यानं दोन्ही हात पुढे केले. मी त्यांच्याकडे क्षणभर जास्तच बघितलं, आणि उठून चहाचं पाणी ठेवलं.

मग त्यानं आत्याचं सांगितलं. आत्या पावाच्या बेकरीची व्हॅन चालवायची. हा शाळेतून सुटला की शेजारी बसायचा. आत्या क्लच दाबायची आणि हा छोट्या हातानं गिअर टाकायचा. चुकला तर व्हॅन आचके द्यायची, मागे पाव खाली पडायचे. आत्या रागवायची नाही. म्हणायची, पुन्हा टाक, तिचं ऐक आणि मग टाक.

“आता पंच्याहत्तरची आहे. ऑटोमॅटिकला हात लावत नाही. म्हणते, गाडीनं आपल्याला विचारून चाललं पाहिजे.” तो पेल्यातल्या चहाकडे बघत राहिला. “तिला या नव्या गाडीत एकदा बसवणार होतो. शेजारी मी, गिअर टाकायला. ...जाऊ द्या.”

गाडीचा पंच्याहत्तरचा आकडा मीच वाचला होता.

घरी वहिनीला ताकास तूर लागू दिली नव्हती मी. पण वहिनी ती वहिनीच. “वन्सं, तीन दिवस पाऊस पडतोय आणि तुम्ही एकदाही पावसाला शिव्या दिल्या नाहीत. काय प्रकार आहे?”

“पाऊस हवाच असतो पिकांना,” मी म्हटलं.

“हो का? आणि पीक कुठल्या कंपनीचं आहे?”

मी उशी फेकून मारली. पण रात्री पांघरुणात शिरून खरंच मनात म्हणाले, उद्याही पड रे बाबा. रस्ता वाळला की तो जाणार.

*

गुरुवारी दुपारी तो साहेबांकडे कागदांवर सह्या घ्यायला गेला होता. वेळ जात नव्हता म्हणून मी कानाला हेडफोन लावले आणि सोमवारच्या फेऱ्या पुन्हा ऐकल्या. आकड्यासाठी नव्हे. खरं सांगते, ती गाडी तो चालवत होता म्हणून.

इंजिन चढत जाणारं, गोल, भरलेलं. आणि त्याच्याखाली, अगदी बारीक... सर्रर्र.

मी पुन्हा लावलं. डोळे मिटले. सर्रर्र. चाकाखालून पाणी निघताना येतो तो आवाज. सगळ्या फेऱ्यांत होता.

रस्ता ओला होता. आत, छिद्रांत. पायांना पहिल्या पावलात कळलं असतं.

मी हेडफोन काढून ठेवले. पास-नापास सोडा, पण ज्या चाचणीला अर्थच नव्हता तिच्यावर मी सही केली होती. आणि का? तर एका मुलासमोर चपला काढायची लाज वाटली म्हणून! सहा वर्षांची अक्कल त्या चपलेच्या पट्ट्याशी अडकून बसली होती.

गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. त्यालाही नाही. तो ‘आकडा तो आकडा’ म्हणून निघून गेला असता, आणि माझी खुर्ची, माझं नाव, सगळं शाबूत. बोलले असते तर सहा वर्षांतली पहिली चूक, तीही खुर्चीच्या तोंडावर. आणि लोक काय म्हणणार, तेही मला दिसत होतं. पोरगा आवडला, म्हणून बाईंनी चूक शोधून काढली.

रात्री वहिनीला सगळं सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली नाही.

“हात दाखवून अवलक्षण होईल, वन्सं.”

“होऊ दे. त्याचं वर्ष वाया चाललंय गं माझ्यामुळे.”

“आणि तो आवडत नसता तर?”

मी खूप वेळ विचार केला. “तरी लिहिलं असतं,” मी म्हटलं. “फक्त रडले नसते.”

*

चूक झाली की आमच्याकडे एक पिवळा कागद भरायचा असतो. काय चुकलं, कुणाचं चुकलं, आणि ‘कारण’. शुक्रवारी सकाळी मी तो साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी चष्मा लावला, वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

“‘पृष्ठभागाची नेहमीची अनवाणी तपासणी केली नाही. कारण: चालक समोर उभा होता आणि त्याच्यासमोर चपला काढून चालायची मला लाज वाटली.’” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “लाज हा शब्द या केंद्राच्या कागदांत पहिल्यांदाच येतोय.”

“हो सर.”

“‘कामाच्या गडबडीत राहून गेलं’ असं लिही ना. सगळे तेच लिहितात.”

“पण गडबड नव्हती, सर.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. “याची एक प्रत त्याच्या मुख्य कार्यालयाला जाते, माहीत आहे ना? टपालानं. तीन आठवड्यांत अर्जदाराचं म्हणणं लिहून परत येते. चार जण वाचतील तिथे.”

“नियमच आहे,” मी म्हटलं. “आणखी एक, सर. फेरचाचणीला यंत्रावर मी बसणार नाही. तुम्ही बसा. मी फक्त रस्ता बघते.”

साहेबांनी सही केली. “खुर्चीच्या मुलाखतीत हा कागद निघेल, पोरी.”

“निघू दे.”

त्याला फक्त एवढंच सांगितलं गेलं की, केंद्राची चूक सापडली, उद्या सकाळी फेरचाचणी. तो धावत माझ्या खोलीत आला. “काय चूक? कुणाची?”

“माझी. कागदावर आहे. येईल टपालानं.”

“आता नाही सांगणार?”

“नाही.” मी इतक्या जोरात म्हटलं की तो दोन पावलं मागे सरला.

*

शुक्रवारी दिवसभर वारा सुटला होता. शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ. तो गाडीपाशी उभा होता. झेंडेकाकांनी बोट टेकवलं. “वाळलाय.”

“बघते,” मी म्हटलं.

चपला काढल्या. शेजारी नीट जोडून ठेवल्या. पँट दुमडली, एक घडी, दोन घड्या. आणि त्याच्या डोळ्यांदेखत पहिल्या रेघेपासून चालायला लागले. खडी तळव्यांना टोचत होती. डावी बाजू, कोरडी. मधला पट्टा, कोरडा. टाचेखाली उन्हाची ऊब यायला लागलेली. वीस मीटर गेले, वळले, परत आले. तो हसला नाही. फक्त मी चपला घालताना त्याची नजर माझ्या जोडून ठेवलेल्या चपलांवर गेली आणि तिथंच थांबली.

यंत्रावर साहेब बसले. मी काकांशेजारी उभी राहिले, हात मागे बांधून. गाडी आली, पन्नास, आणि आवाज चढला. पहिल्याच फेरीत मला कळलं. सर्रर्र नव्हतं. नुसती ती गाडी, स्वच्छ, गाणं म्हणत गेल्यासारखी. प्रत्येक फेरीनंतर दिवा दोनदा लुकलुकला. काकांनी माझ्याकडे तिरकं बघितलं आणि झेंडा नाकापर्यंत वर केला, हसू लपवायला.

साहेबांनी खिडकीतून दोन बोटं दाखवली आणि मग दार उघडून मोठ्यानं सांगितलं, “चौऱ्याहत्तर!”

पाठोपाठ ऑटोमॅटिक झाली. बाहत्तर, काही त्रास न देता.

दोन्ही गाड्या ट्रकवर चढल्या. तो माझ्यापाशी आला. “मॅडम, आता बैठक. तिथे एकच प्रश्न विचारतात, किती जण घेतील. बघू.” मग काहीतरी बोलणार होता... पण ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. “येतो,” म्हणाला आणि गेला.

येतो, असं सगळेच म्हणतात जाताना.

*

तीन आठवडे. रोज टपाल आलं की मी आधी त्यात पिवळा कागद शोधायचे. त्याच्या कार्यालयात तो पिवळा कागद कोण कोण वाचत असेल? शिपाई? हिशेबनीस? त्याचे वरिष्ठ, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत? वहिनी म्हणायची, “वर्तमानपत्रात तरी दिलं नाहीत, उपकार झाले.” मधेच मुलाखत झाली. पिवळा कागद निघाला. साहेबांची खुर्ची ब्रेक विभागातल्या एका गृहस्थांना मिळाली. मी त्यांचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन रेनकोटाच्या टोपीत तोंड घालून रडले.

एकविसाव्या दिवशी, शनिवारी, अर्ध्या दिवसाची सुट्टी. मी फाटकातून बाहेर पडत होते. समोर एक जुनी, रंग उडालेली छोटी गाडी उभी. तिला टेकून तो.

“अहो मॅडम, जरा ऐकता का? आवाजाचा विभाग कुठे आला?”

“बंद झाला,” मी म्हटलं. “तुमची गाडी?”

त्यानं मान हलवली. “नाही येणार. आणा म्हणणारे चारशे, नावनोंदणीच्या कागदावर सही करणारे नऊ. ऑटोमॅटिक येतेय. तीन पेडलवाली परवा बोटीत बसली.” हे तो रस्त्याकडे बघत म्हणाला. त्याला लागलं होतं, ते मला दिसत होतं. “पण पास होऊन गेली. नापास म्हणून नाही. ते तुमच्यामुळे.”

“माझ्यामुळेच तर...”

“माहीत आहे. वाचलंय.” त्यानं खिशातून घडी केलेला पिवळा कागद काढला. “आमच्या कार्यालयात सगळ्यांनीच वाचलंय. वरिष्ठ म्हणाले, लवकर उत्तर पाठव, मुदत संपेल. पण टपालानं पाठवायची... लाज वाटली.”

मी कागद घेतला. खाली ‘अर्जदाराचे म्हणणे’ असा रकाना होता. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

‘आक्षेप नाही. सोमवारी चौथ्या फेरीत वेग बावन्न झाला, त्याचा खुलासा तेव्हा राहून गेला होता. खिडकीत मॅडम हनुवटीला हात लावून बसल्या होत्या. चालक तिकडे पाहत होता.’

खाली सही. आणि कंपनीचा शिक्का, अगदी ठळक.

“शिक्का?” मी त्यावर बोट ठेवलं.

“वरिष्ठांनी मारला. म्हणाले, खरं असेल तर मारतो.”

मी हसले की रडले, मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही एकदमच. “माझीही खुर्ची गेली,” मी म्हटलं.

“ऐकलं. काकांनी सांगितलं.” मग हळूच, “पश्चात्ताप?”

“नाही.” आणि ते खरं होतं. तोपर्यंत मलाच माहीत नव्हतं इतकं खरं.

फाटकातून मैदानाचा तो तुकडा दिसत होता. सकाळी एक सर येऊन गेली होती, आता ऊन होतं. तो तिकडे बघत म्हणाला, “वाळला असेल?”

“वरून सांगता येत नाही.”

तो खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. एक बूट काढला, दुसरा काढला. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. पण त्यानं मोजेही काढले, बुटात कोंबले, आणि बूट नीट जोडून ठेवले, शेजारी एक जोड मावेल एवढी जागा सोडून.

“आत्या घरी वाट बघतेय,” तो म्हणाला. “ही तिचीच गाडी. म्हणाली, गिअर टाकायला कुणी मिळालं तर घेऊन ये. पण आधी रस्ता बघून घेऊ... चल.”

चल, म्हणाला. चला नाही.

मी त्या मोकळ्या जागेत माझ्या चपला काढून ठेवल्या.